फोटोतला उसना कोट

मी कोट बोलतोय. दचकू नका, आणि "कोट कुठे बोलतो का?" असंही विचारू नका. तुम्ही लोक टीव्हीशी भांडता, गाडी सुरू झाली नाही की तिला शिव्या घालता, मग मी दोन शब्द बोललो तर कोणाचं काय बिघडलं? मी अमेरिकन पायदळाचा, जाड लोकरीचा, कमरेपर्यंतच येणारा आखूड कोट. अंगात घातला की मानेला खाज सुटते. स्वभावही तसाच, खाजरा. किती वर्षं झाली काचेच्या कपाटात टांगलंय मला, पण एक दिवस स्वस्थ बसलो असेन तर शपथ!

आमचं गाव पेनसिल्व्हेनियातलं, नदीकाठचं. पोलादाच्या भट्ट्या होत्या तेव्हा गावात झोपायला जागा नसायची, आता भट्ट्या विझल्या आणि निम्म्या घरांना कुलपं लागली. माजी सैनिकांचा हॉल मात्र चालू आहे. त्या हॉलमध्ये बिअरचा फ्रिज आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधोमध माझं कपाट. दर शुक्रवारी तिथे मासे तळतात, पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, लोण्यात परततात, आणि तो सगळा वास माझ्या लोकरीत मुरतो. माझ्या पायाशी एक पुठ्ठा ठेवलाय, 'सिरिल ह्लावाच यांचा कोट, भाचीकडून भेट.' झालं! माणसाचं अख्खं आयुष्य त्या एका ओळीत आटोपलं.

मी जन्मलो तो शिवणकामाच्या कारखान्यात. शेकडो मशीनं एकदम धडधडत होती. माझ्या बाह्या जोडणाऱ्या बाईचं लक्ष दाराकडे होतं, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या त्या काळात तारवाला मरणाची बातमी घेऊन कुठल्याही दाराशी येऊन उभा राहायचा आणि तिचा मुलगा समुद्रापार होता. तिच्या घालमेलीत माझी उजवी बाही किंचित वाकडी बसली. घाईचं आणि काळजीचं बाळकडू मला तिथेच मिळालं म्हणा ना.

सिरिलच्या अंगावर मी आलो तेव्हा युरोपातली लढाई जवळजवळ संपली होती. खोटं कशाला बोलू, लढाई मी पाहिली नाही. ती त्याच्या आधीच्या कोटानं पाहिली, आणि तो कोट कुठल्या चिखलात राहिला ते सिरिलनं कधी सांगितलं नाही. सिरिल बुटका, रुंद खांद्यांचा. भट्टीवर कोळसा ओढणाऱ्या बापाचा मुलगा. त्याच्या छातीवर एक बिल्ला होता: निळ्या पट्टीवर चांदीची लांब बंदूक, भोवती पानांची माळ. हा बिल्ला फक्त पायदळाच्या माणसाला, आणि तोही समोरासमोर लढलेल्याला मिळायचा. सिरिलनं तो माझ्या डाव्या खिशाच्या वर लावला. मग एकदा त्याची पिन मोडली, तेव्हा त्यानं काळ्या दोऱ्यानं असे टाके घातले की खिळा ठोकल्यागत पक्का बसला. खिशाचं बटण पडलं तर एका फ्रेंच म्हातारीनं तिच्या जुन्या ओव्हरकोटाचं काळं, बशीएवढं बटण लावून दिलं. माझ्या अंगावर ते अगदीच विजोड दिसायचं. मला फार राग यायचा त्या बटणाचा.

लढाई संपली, पण घरी जाणारी बोट काही येईना. फ्रान्सच्या किनाऱ्यावर तंबूंची छावणी होती, तिथे सगळे नुसते वाट बघत बसलेले. पत्ते खेळायचे, भांडायचे, पुन्हा पत्ते. तिथेच एक दिवस सिरिलला आपल्या गल्लीतला एमिल पेट्रिक भेटला. उंच, हडकुळा, हातांवर भाजल्याचे डाग. एमिल पावभट्टीच्या तुकडीत होता. साऱ्या युद्धभर त्यानं पाव भाजले, बंदूक क्वचितच हातात धरली.

"आईचं पत्र आलंय," एमिल म्हणाला. "म्हणते, वर्दीतला फोटो पाठव, नाहीतर तू जिवंत आहेस यावर माझा विश्वास बसायचा नाही. आणि माझा कोट बघ! बाही जळालीय, पाठीवर तेल. हा घालून फोटो काढला तर आई म्हणेल, पोरगं लढाईला गेलं होतं की कढईत पडलं होतं?"

"माझा घाल," सिरिल म्हणाला, आणि मला अंगातून काढून त्याच्या तोंडावर फेकलं.

बंदराच्या गल्लीत एक फोटोवाला होता. पडद्यावर रंगवलेली बाग, पुढे एक मोडकी खुर्ची. एमिलनं मला चढवलं. मी लहान, तो लांब. मनगटं चांगली वितभर बाहेर. आरशात बघितलं आणि त्याचं बोट बिल्ल्यावर गेलं.

"सिरिल, चाकू दे. हा बिल्ला आधी काढतो."

"हात लावू नकोस. मी शिवलाय तो."

"अरे, पण हा माझा नाही! मी पाव भाजले रे. आईनं गल्लीभर फोटो मिरवला तर काय तोंड दाखवू?"

"तुझे पाव खाऊनच उभे होतो आम्ही. बस खाली, आणि आईला हसून दाखव."

एमिल बसला. पण फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरला तसा यानं उजवा तळहात उचलला आणि बिल्ल्यावर ठेवला, चांगला सपाट, बोटं जुळवून. फोटोवाला ओरडला, हात खाली घ्या म्हणून खुणा केल्या, पाय आपटले. एमिल ढिम्म. माझ्या लोकरीखाली त्याचं काळीज धाडधाड उडत होतं ते मला कळत होतं. तसाच फोटो निघाला. तळव्याखालून बंदुकीचं टोक आणि माळेची थोडी पानं बाहेर राहिलीच. सिरिल इतका हसला, इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग एमिल म्हणाला, "आता तू बस."

"मला नको."

"वेडा का? तुझ्याच कोटाचा फोटो, आणि तूच नाहीस?"

"मला नाही बघायचं, मी कसा दिसतो ते," सिरिल म्हणाला. त्यानं मला अंगात घातलं आणि बाहेर पडला. पुढे आयुष्यभर तेच. लग्नात, बारशात कोणी कॅमेरा काढला की हा सिगरेट ओढायला अंगणात. मला त्यानं घरी आल्यावर लाकडी कपाटात टांगलं आणि पुन्हा कधी घातलं नाही. लग्न केलं नाही, फारसा कुणाशी बोललाही नाही. भट्टीवर जायचा, यायचा, आणि रविवारी एमिलच्या बेकरीतून अक्रोडाचा रोल घेऊन घरी. मी कपाटात तळमळत राहायचो. कसर लागली, कॉलरला भोक पडलं. तो गेला तेव्हा भाचीनं मला या हॉलला देऊन टाकलं.

तर आता मुद्द्याचं. आमच्या भागात एक रीत आहे. मे महिन्याच्या शेवटी सैनिकांच्या स्मरणाचा दिवस येतो, त्याआधी मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर गावच्या सैनिकांचे मोठमोठे फोटो टांगतात. एका खांबावर एक माणूस, खाली त्याचं नाव, कुठल्या दलात होता ते. फोटो वर्दीतलाच हवा. वर्दीतला फोटो नसेल तर बॅनर नाही. म्हणजे सिरिलला नाही. ज्यानं सगळं भोगलं त्याला रस्त्यावर जागा नाही, आणि मी इथे फ्रिजशेजारी उभा! सांगा, मी शांत कसा राहू?

या बॅनरांचा सर्वेसर्वा वॉरन टोमको. पूर्वी विमा विकायचा, आता निवृत्त. शेजारच्या गावात एकदा कुणाचे तरी आजोबा नाटकातल्या वेशात खांबावर चढले आणि सगळी पंचक्रोशी हसली, तेव्हापासून वॉरन एकेक फोटो भिंगाखाली तपासतो. टोपीचा कल, पट्ट्याचं बक्कल, बुटांची नाडी, खांद्यावरचं चिन्ह. नुसत्या बटणांवरून साल सांगेल असा पठ्ठ्या. माणूस वाईट नाही, पण वर्दी बघता बघता आतला माणूस बघायचा राहून जातो त्याचा.

त्या शुक्रवारी तो माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसला होता. भिंगाखाली एमिलचा फोटो होता. मला फ्रिजच्या अर्धवट उघड्या दाराच्या काचेत त्याचं प्रतिबिंब दिसलं आणि माझ्या शिवणी ताठ झाल्या. मागे वळ! अरे बाबा, एकदा मागे वळून बघ! पण कोटाचं कोण ऐकतो?

समोर बर्नडेट होती, एमिलची मुलगी. सत्तरी ओलांडलेली, अजून पहाटे उठून बापाची बेकरी चालवते. तिच्या बेकरीसमोरच्या खांबावर बापाचा बॅनर लागावा, एवढंच तिला हवं होतं. एमिलचा वर्दीतला हा एकच फोटो.

"बर्नडेट, जरा बस," वॉरन म्हणाला. "हा बॅनर मला लावता येणार नाही."

"का? फोटो पुसट आहे?"

"पुसट असता तर बरं झालं असतं. हा बिल्ला पायदळाचा आहे. कॉलरवरच्या आडव्या बंदुकाही पायदळाच्याच. आणि एमिलकाका होते पावभट्टीच्या तुकडीत, त्यांच्या कागदावर तसं लिहिलंय. न मिळालेला बिल्ला छातीवर लावला, आणि वर हात ठेवून दाखवतायत बघ, जगाला."

बर्नडेटचा चेहरा उतरला. "माझे बाबा खोटे होते असं म्हणतोस तू?"

"मी नाही म्हणत. फोटो म्हणतो."

"अगबाई, फोटो बोलायला लागला!" स्वयंपाकघरातून डोलोरेसचा आवाज आला. डोलोरेस म्हणजे हॉलची अन्नपूर्णा आणि तोफ, दोन्ही. हातात पिरोगीचा तवा घेऊन ती दारात उभी राहिली. "वॉरन, ते भिंग जरा बाजूला ठेव, नाहीतर एक दिवस डोळ्यात रुतून बसेल. एमिलनं उभ्या जन्मात पावात मीठ कमी घातलं नाही, तो काय खोटं बोलणार?"

"मिठाचा आणि बिल्ल्याचा काय संबंध?" वॉरन चिडला. "ज्यांनी तो कमावला त्यांचा तरी विचार करा!"

ते ऐकून मला भडभडून आलं. ज्यानं कमावला त्यानं मलाच तर घातलं होतं रे! पण सगळ्यात वाईट पुढेच झालं. बर्नडेट हळूच म्हणाली, "आईनं हा फोटो दुकानात लावला तेव्हा बाबा रोज म्हणायचे, काढ तो, खाली काढ. कोणी गिऱ्हाईक फोटो बघून सलाम करायला लागलं की ते आत भट्टीकडे निघून जायचे. आम्हाला वाटायचं, किती साधा माणूस! म्हणजे... त्यांना लाज वाटत होती, वॉरन? आयुष्यभर?"

बर्नडेटनं फोटो उचलला, पर्स घेतली. मी कपाटात अक्षरशः फडफडलो असतो, पण हँगरनं खांदे धरून ठेवलेले. बाईचा बाप तिच्या डोळ्यांदेखत चोर ठरत होता, आणि साक्षीदार दोन हातांवर काचेत टांगलेला!

डोलोरेस मात्र फडकं घेऊन माझ्या काचेवरचे तेलाचे शिंतोडे पुसायला आली होती. रागावली की ती काहीतरी पुसते. बेकरीतला तो फोटो तिनंही अनेकदा पाहिलेला. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"वॉरन," ती म्हणाली, "फोटोतल्या त्या खिशावर बटण कसलं आहे?"

"काळं. मोठं. नियमात न बसणारं. ते मी नोंदवलंय."

"मग इकडे ये आणि हेही नोंदव."

अखेर तो वळला! भिंग आणि बर्नडेटच्या हातातला फोटो घेऊन आला आणि नाक काचेला टेकवलं. आधी बटण बघितलं, मग बाहीची वाकडी शिवण, मग बिल्ल्यावरचे काळे, जाडे टाके. फोटो आणि मी, फोटो आणि मी, पाचसहा वेळा मान हलवली त्यानं. ज्या बटणाचा मला जन्मभर राग आला, त्याची त्या क्षणी मी लाख वेळा माफी मागितली असती.

"सिरिल ह्लावाच," त्यानं पुठ्ठा वाचला. "हा त्याचा कोट. इतकी वर्षं मी याच्यासमोर बसून बिअर पितोय!"

"भिंगातून बिअर पीत नाहीस ना, म्हणून," डोलोरेस म्हणाली.

वॉरननं कपाट उघडलं. "थांब, हातमोजे आणतो," असं म्हणेपर्यंत बर्नडेटनं मला काढून अंगात घातलंही होतं. काय सांगू तुम्हाला! किती काळानं माझ्या आत कुणीतरी श्वास घेत होतं. बापासारखीच उंच ती. मनगटं तशीच बाहेर. पिठाचा वास तसाच.

"उसना घेतलेला दिसतोय," वॉरन पुटपुटला. "पण बिल्ला काढता आला असता. काढला नाही. उलट हात ठेवून दाखवला."

बर्नडेट फ्रिजच्या काचेसमोर गेली. फोटोकडे बघत तिनं उजवा हात उचलला, आणि छातीवर ठेवला. आधी एक बोट लावलं. मग तळहात सपाट केला. मग बोटं जुळवली. बिल्ला नाहीसा झाला. मग तिनं दोन बोटांनी बिल्ला ओढून पाहिला, तो हलेना.

"वॉरन, दाखवायचं असतं तर असं ठेवतात का?"

"माझा नवरा खिशातली बाटली अगदी अस्साच झाकतो," डोलोरेस म्हणाली. "मी आत आले रे आले की हात छातीवर. जसा काही राष्ट्रगीताला उभा!"

वॉरननं भिंग लावून फोटोतला हात पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खुर्चीत बसला आणि चष्मा काढला. "झाकतोय," तो म्हणाला. "बिल्ला निघत नव्हता म्हणून झाकतोय. मी बिल्ला बघितला गं, हात बघितलाच नाही. चुकलो मी, बर्नडेट."

बर्नडेट रडली. आरडाओरडा नाही, नुसतं नाक ओढत, माझ्या बाहीला डोळे पुसत. मी पुसू दिले.

थोड्या वेळानं वॉरनला जोर आला. "आता काही अडचण नाही! छपाईवाला संगणकावर बिल्ला, कॉलरवरच्या बंदुका, सगळं पुसून टाकेल. एका मिनिटाचं काम. मग फोटो नियमात बसतो, उद्याच पाठवतो."

"हो, तसं करू," बर्नडेट म्हणाली. माझा जीव टांगणीला लागला. ती मला अंगातून काढायला लागली, एक हात निघाला, आणि मध्येच थांबली.

"नको."

"का गं?"

"बिल्ला पुसलास तर बाबांचा हात तिथे कशाला आहे ते कुणाला कळणार? छातीत दुखतंय असं वाटेल." ती हसली, मग गंभीर झाली. "आणि सिरिलकाकांचा फोटो कुठे आहे, वॉरन?"

"नाही. एकही नाही. म्हणून तर त्यांचा बॅनर नाही."

"मग हाच आहे. एवढाच. या गावात त्यांचं काही रस्त्यावर लागेल तर या फोटोतलं एवढंसं टोक. तेही पुसतोस?"

वॉरननं भिंग खाली ठेवलं. "पण नियम आहे बाई, एका खांबावर एक माणूस!"

"एकच माणूस आहे की," डोलोरेस म्हणाली. "दुसऱ्याचा नुसता कोट आहे. कोटाला नियम आहे का? नाही ना? मग पिरोगी खा आणि गप्प बस."

वॉरननं पिरोगी खाल्ल्या. दोन दिवस इथेच बसून बॅनरच्या कमिटीशी भांडला, आणि या वेळी उलट्या बाजूनं भांडला, ते ऐकायला मजा आली.

बॅनर लागला. मला इथून रस्ता दिसत नाही, फ्रिज आड येतो. पण येणारा प्रत्येक जण त्याचीच गोष्ट काढतो. फोटोत बिल्ला आहे आणि त्यावर हात आहे. खाली लिहिलंय, 'एमिल पेट्रिक, पावभट्टी.' आणि त्याखाली, 'अंगावरचा कोट सिरिल ह्लावाच याचा, पायदळ.' लोक खांबाखाली थांबतात म्हणे. विचारतात, हा सिरिल कोण? आणि बर्नडेट पाव बांधता बांधता सांगते.

मी आता थकलोय. कॉलरचं भोक वाढतंय, अस्तर विरलंय. माझं एकच मागणं आहे. आमचे फोटो बघाल तेव्हा भिंग जरूर लावा, बटणं मोजा, चिन्हं ओळखा. त्यासाठीच आम्ही असतो. पण मग भिंग थोडं सरकवून हात बघा, मनगटं बघा, कोट त्या अंगाला बसलाय का ते बघा. आणि जमलं तर आम्हाला कधीतरी अंगात घाला. काचेत जीव घुसमटतो हो.

स्मरणाच्या दिवशी मिरवणूक झाल्यावर बर्नडेट एकटीच हॉलमध्ये आली. काचेला हात लावून उभी राहिली, आणि माझ्याशी नाही, माझ्या आत नसलेल्या माणसाशी बोलली.

"सिरिलकाका, आयुष्यभर फोटोतून पळत राहिलात. आता कुठे पळाल? बाबांनी हात ठेवलाय तुमच्यावर."